सासू, तीन सुना आणि अक्का

"थोरली पार दमलीया, मधली निवांत हाय, आन् धाकटी तर नुसती माश्या मारत बसलीया. ह्या घराला सासू हाय का न्हाई?"

पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी ओढणीचं टोक उगाच बोटाला गुंडाळत बसले होते. सांगलीतल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतला माझा पहिला दिवस होता. कुणाच्या तरी घरातली भानगड ऑफिसात चालू आहे असं समजून मी संकोचून खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यात एक तरुण आवाज म्हणाला, "आवं अक्का, सासू सकाळीच रिस्टार्ट केलीया."

मग पार्टिशनमागून अक्का बाहेर आल्या. इस्त्री केलेली कडक सुती साडी, पायात पांढरे पळायचे बूट, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर. खालचा लांबचं बघायला, वरचा जवळचं. दोन्हींची अदलाबदल करून त्यांनी मला आधी लांबून आणि मग जवळून पाहिलं.

"तू सातारची व्हय?"

"येस मॅडम."

"मॅडम वरच्या मजल्यावर बसत्यात, विम्याच्या हापिसात. मी अक्का. चल, सासू दाखवते."

सर्व्हर रूम म्हणजे एक गार खोली, एक लोखंडी कपाट आणि कपाटात लुकलुकणारी चार मशीन. त्यांतल्या तीन मशीनवर आमच्या सगळ्या वेबसाइट सारख्याच ठेवलेल्या होत्या. कुणीही वेबसाइट उघडली की ती मागणी आधी चौथ्या मशीनकडे यायची आणि तिघींपैकी कुणी काम करायचं ते हे चौथं मशीन ठरवायचं. पुस्तकात याला लोड बॅलन्सर म्हणतात. अक्कांनी त्याच्यावर चिकटपट्टी लावून जाड मार्करनं लिहिलं होतं, 'सासू'. खालच्या तिघींवर 'थोरली', 'मधली', 'धाकटी'.

मी इंग्रजी शाळेत शिकले, इंजिनिअरिंगला याच विषयावर सेमिनार दिला होता आणि त्यात चांगले गुण मिळवले होते. पण हे सगळं कुणासाठी असतं, याचा विचार मी त्या गार खोलीत उभी राहून पहिल्यांदा केला.

अक्का सीमेकडच्या एका जैन शेतकरी घरातल्या. लग्न होऊन वाळव्याकडच्या मोठ्या खटल्यात धाकटी सून म्हणून आल्या, आणि तिथूनच रोज एसटीनं सांगलीला जाऊन शिकल्या. यापेक्षा जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. सासूबाईंबद्दल मात्र भरपूर सांगायच्या. आमच्या ऑफिसातले बरेचसे नियम त्या बाईंच्या स्वयंपाकघरातून आले होते, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं.

उंब्रजचा संदीप माझ्याआधी वर्षभर लागला होता. तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यानं एकदा तिन्ही मशीनना आळीपाळीनं काम जाईल अशी मांडणी करून ठेवली. पहिली मागणी थोरलीला, दुसरी मधलीला, तिसरी धाकटीला, की परत थोरली. कागदावर अगदी सरळ. दुपारपर्यंत थोरली धापा टाकायला लागली, कारण ती सगळ्यांत जुनी होती आणि तिच्यात दम कमी होता.

अक्कांनी संदीपला समोर उभं केलं. "तुझ्या घरात म्हातारी हाय?"

"हाय की. आजी."

"तिला आन् तुझ्या बहिणीला एकसारख्या घागरी देतोस का पाण्याला?"

"आवं अक्का, आमच्यात आता नळ आलाय."

"नळ आला म्हणून अक्कल गेली व्हय रं?"

संदीप सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि त्यानं मुकाट्यानं मांडणी बदलली. धाकटीला दोन वाटे, मधलीला दोन, थोरलीला एक. अक्कांचं रागावणं असं असायचं. ज्याला रागावल्या तोच हसत हसत जागेवर जायचा आणि चूक दुरुस्त व्हायची.

त्यांच्या टेबलावर भडंगाचा स्टीलचा डबा असायचा. कांदा-लसणाशिवायचं भडंग, घरून केलेलं. चार वाजता त्या ते वाटायच्या, पण सगळ्यांना सारखं कधीच नाही. ज्याची वाटी रिकामी झाली त्याला लगेच परत. मी हळू खाते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मला मुद्दाम कमी देतात. मग एक दिवस त्यांनी डबाच माझ्यापुढे सरकवला. "तुझं बघून बघून माझं मन भरलं. एक शेंगदाणा किती वेळ चावतीस गं? घे, तूच वाट आज." मी वाटलं. कुणाची वाटी कधी रिकामी होते तिकडे लक्ष ठेवून चौघांना वाढणं किती अवघड असतं ते तेव्हा समजलं. संदीपनं तर मला तीन वेळा फसवलं.

त्यांचा सगळ्यांत आवडता किस्सा धाकटीचा होता. तो माझ्यासमोर घडला म्हणून मलाही नीट आठवतो. आम्ही तेव्हा मांडणी अशी ठेवली होती की जिच्या हातात सगळ्यांत कमी काम, तिच्याकडे पुढची मागणी. एका सकाळी एका बाजारपेठेचे दर दाखवणारी वेबसाइट बंद पडल्याचे फोन सुरू झाले. सासूच्या पडद्यावर बघावं तर तिन्ही सुना हिरव्या. सासू दर थोड्या वेळानं प्रत्येकीला विचारायची, "ठीक आहेस का?" आणि तिघीही उत्तर द्यायच्या, "ठीक." भानगड अशी होती की धाकटीच्या आतलं काहीतरी मोडलं होतं. मागणी आली की ती काम न करता लगेच 'जमत नाही' असं सांगून मोकळी व्हायची. मोकळी झाली की तिच्या हातात काम कमी, म्हणून सासू पुढची मागणीही तिलाच द्यायची. असं करत सगळं गाव धाकटीच्या दारात जाऊन हात हलवत परत येत होतं.

संदीपनं कपाळाला हात लावला. मी स्क्रीनकडे बघत राहिले. अक्का मात्र खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अगं, ही तर आमची शालन जाऊ! कवाबी इचारा, 'काय, झालं का?' की 'झालं जी.' बघायला जावं तर चूल पेटलेली न्हाई."

"मग तुमच्या सासूबाई काय करायच्या?" मी विचारलं. माझ्या मते मी ऑफिसात आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

अक्कांनी लगेच चष्मा बदलला. "झालं का म्हणून इचारायच्याच न्हाईत. इचारायच्या, 'आमटीला मीठ किती लागलं?' जिनं चव घेतलीया तिलाच सांगता येतंय."

दुपारी त्यांनी सासूला तसाच प्रश्न शिकवला. नुसतं 'ठीक आहेस का' न विचारता, आजचा हळदीचा दर काढून दाखव, असं सासू तिघींना विचारू लागली. दर सांगता आला नाही की तेवढ्या वेळापुरती त्या सुनेला पंगतीतून बाजूला बसवायचं. तीच मांडणी मी पुढे दुसऱ्या नोकरीतही वापरली. तिथल्या पुण्याच्या मुलांना मी तिचं तांत्रिक नाव सांगितलं. मिठाचं सांगितलं नाही. ते सांगायला अक्कांचा आवाज लागतो.

एकदा आम्ही दोघी एका संस्थेच्या कामासाठी साताऱ्याला गेलो. महामार्गावरच्या टोलनाक्यावर गाड्यांच्या लांबच लांब रांगा होत्या आणि अगदी डावीकडची रांग पूर्ण मोकळी. अक्का पुढच्या सीटवर ताठ झाल्या. "बघ, कुणाला डोळंच न्हाईत. ड्रायव्हर, घ्या डावीकडं!" ड्रायव्हर काहीतरी सांगू पाहत होता, पण अक्कांपुढे त्याचं काय चालणार? आम्ही झोकात डावीकडे गेलो आणि तिथला आडवा दांडा अडकून पडलेला निघाला. तोवर मागून अजून दोन गाड्या आल्या, त्यामुळे मागेही जाता येईना. बाकी सगळ्या रांगा आमच्या शेजारून सरकत होत्या.

मी मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागले. पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार.

"हस की," अक्का म्हणाल्या. "मोकळी दिसली म्हणून गेलो. शालनच्या दारात बरोबर पोचलो."

मग त्या स्वतः गाडीतून उतरल्या आणि पांढरे बूट घालून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मोकळी रांग बघून वळणाऱ्या प्रत्येक गाडीला त्या हात करून उजवीकडे पाठवत होत्या. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून विचारलं, "मावशी, नवीन लागलाय का नाक्यावर?" "व्हय," अक्का म्हणाल्या, "पगार मात्र ठरला न्हाई अजून." दांडा दुरुस्त झाला तेव्हा टोलवरच्या माणसानं त्यांना चहा विचारला.

त्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. आईनं मोठ्या हौसेनं बटाट्याची भाजी केली होती आणि मी तिला आधी सांगायला विसरले होते, की अक्का कंदमुळं खात नाहीत. आई ओशाळली. अक्का पाटावर बसून म्हणाल्या, "आवं वहिनी, दही हाय, लोणचं हाय, गरम चपाती हाय. अजून काय लग्न लावायचंय का?" आणि चार चपात्या खाल्ल्या. निघताना आईनं दारात हळूच विचारलं, "आमची मुलगी कशी आहे हो कामात? बोलत नाही फारशी." मी आत पाणी भरत होते, पण ऐकू येत होतं.

"बोलत न्हाई," अक्का म्हणाल्या. "पण बघती. बोलणारी लय हाईत आमच्याकडं, एक तर उंब्रजचाच हाय. बघणारी ही एकटीच."

त्यानंतर त्यांनी माझ्या मागे एक टुमणं लावलं. ऑफिसातल्या मदतीच्या फोनचा डबा त्यांनी उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुझ्या टेबलावर आवाजाची कमी हाय." फोन वाजायचा. मी आधी वाक्य मनात इंग्रजीत जुळवायची, मग त्याचं मराठी करायची आणि मग उचलायची, तोवर फोन बंद व्हायचा. अक्का पलीकडून नुसतं म्हणायच्या, "वाजतोय गं." महिन्याभरानं मी फोन वाजता वाजता उचलायला लागले. कुणी शाबासकी दिली नाही. त्या दिवशी भडंगाची वाटी जरा जास्त भरून आली होती, एवढंच.

अक्का निवृत्त होणार त्या आठवड्यात आमच्याकडे वसतिगृहाचं काम आलं. विट्याचे एक शेठ होते. दक्षिणेत त्यांची सोनं गाळायची दुकानं, बोलणं मोठं आणि मनही मोठं. त्यांच्या ट्रस्टनं सांगलीत शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह बांधलं होतं. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या विट्याच्या कुटुंबांना आपल्या मुली इकडे ठेवायच्या असत. पण शेठना त्याहून जास्त हौस होती ती जत-आटपाडीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरांतल्या मुली याव्यात याची. त्यासाठी त्यांनी यंदा एक मजला वाढवला होता. फॉर्म आमच्या वेबसाइटवर सकाळी दहाला उघडायचा आणि जो आधी भरेल त्याला जागा. जागा संपल्या की फॉर्म आपोआप बंद.

फॉर्म चार पानांचा होता. चाचणी घेताना पहिलं पान थोरलीकडे भरलं आणि दुसरं मधलीकडे गेलं, की मधली विचारायची, "तुम्ही कोण?" आधीचं सगळं पुसलं जायचं. अक्कांनी यावर अगदी घरचा तोडगा काढला. सासूबाईंच्या पंगतीत जिनं पहिली चपाती वाढली तिनंच त्या पाहुण्याला ताकभातापर्यंत बघायचं असा रिवाज होता. तसंच इथे. मागणी इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून येते तो पत्ता बघायचा, आणि एका पत्त्याचा माणूस कायम एकाच सुनेकडे पाठवायचा. आम्ही ऑफिसच्या वायफायवर सगळ्यांचे मोबाइल लावून फॉर्म उघडून पाहिला. सगळे थोरलीकडे गेले. "बघ," अक्का खूश होऊन म्हणाल्या, "एका घरची माणसं एकाच सुनेकडं." आम्हा तिघांनाही ते फार सुंदर वाटलं.

दहाला फॉर्म उघडला. शेठ आमच्या कंपनीच्या मालकांबरोबर, देसाई सरांबरोबर, ऑफिसातच बसले होते, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मोठ्या पडद्यावर भरलेल्या फॉर्मचा आकडा भराभर वर चढत होता. कोइमतूर, चेन्नई, कोलकाता. शेठ प्रत्येक गावाचं नाव वाचून त्या कुटुंबाची वंशावळ सांगत होते.

माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, ते पान उघडंना झालंय," एक मुलगी म्हणाली. जतच्या बाजूचं गाव होतं. मागे बऱ्याच मुलींचा गलका. "नुसतं गोल गोल फिरतंय. आमी सगळ्या हितं दुकानात बसलोय, नऊपासनं. माझा दादा मेंढरं घिऊन लांब गेलाय, त्यानं तिकडनं त्याच्या मोबाइलवरनंबी बघितलं, त्येबी फिरतंयच."

"थांब, बघते मी. फोन ठेवू नको," मी म्हणाले.

मी सासूचा पडदा उघडला. मधली निवांत होती. धाकटी निवांत होती. थोरलीच्या दारात मागण्यांची रांग लागली होती, आणि त्या सगळ्या मागण्यांवर एकच पत्ता होता. क्षणभर मला वाटलं कुणीतरी खोडसाळपणा करतंय. मग डोक्यात उजेड पडला. मोबाइल कंपन्या एका भागातल्या हजारो फोनना बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात. कोइमतूरची मुलगी तिच्या घरच्या इंटरनेटच्या वेगळ्या पत्त्यावरून येत होती आणि इकडचं अख्खं माळरान एकाच पत्त्यावरून. सासूला ते सगळं एकच घर दिसत होतं. म्हणून एका घरची माणसं एकाच सुनेकडं, तीही सगळ्यांत कमी दम असलेल्या सुनेकडं, चालली होती. तिचं दार अडलं होतं आणि बाकी दोघी हात बांधून बसल्या होत्या.

मी वर पाहिलं तेव्हा मोठ्या पडद्यावर आलं होतं, 'सर्व जागा भरल्या आहेत.' संदीपनं टाळ्या वाजवल्या. देसाई सरांनी बॉक्सवरची दोरी सोडली.

"अक्का, जाता जाता फत्ते केलंत," सर म्हणाले. "एक मिनिट वेबसाइट बंद पडली नाही."

अक्कांनी दोन्ही चष्मे कपाळावर चढवले होते. इतक्या खुलून हसताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं होतं. त्यांचा शेवटचा आठवडा, त्यांची स्वतःची मांडणी, आणि चार माणसांत झालेलं कौतुक. फोनच्या रिसीव्हरमधून मुलींचा गलका अजून बारीक ऐकू येत होता.

शेठनी चष्मा लावून नावं वाचली. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला.

"पूर्वेकडची, जत-आटपाडीची तर एकबी न्हाई," ते म्हणाले. "मजला वाढवला, गावोगाव गाडी फिरवली. पण त्यास्नी पोरी शिकवायच्याच न्हाईत, तर आपण काय करणार? जाऊ द्या. लावून टाका यादी."

सरांनी मान हलवली. संदीपनं पेढा तोंडात टाकला. अक्कांचं हसू मावळलं. त्यांना ते वाक्य पटलेलं नव्हतं.

मी उभी राहिले. खुर्चीचा आवाज झाला, त्यामुळे आता परत बसणंही शक्य नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सर परत यादीकडे वळले आणि संदीप काहीतरी विनोद करायला लागला.

"थांब रं संद्या," अक्का म्हणाल्या. "सर, जरा थांबा. शेठ, तुमीबी. ही काय तर म्हणतीया." एका हातात न खाल्लेला पेढा, दुसरा हात वाहतूक अडवावी तसा सगळ्यांपुढे धरलेला. लांबचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्या माझ्याकडे बघत होत्या. काय ऐकायला लागणार आहे याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. अक्का म्हटलं की मला आजही त्या तशाच उभ्या दिसतात.

या वेळी वाक्य आधी इंग्रजीत जुळवायला वेळ मिळाला नाही.

"त्या आल्यात," मी म्हणाले. "नऊ वाजल्यापासून दुकानात बसल्यात, अजून फोनवर आहेत. आपणच सगळ्यांना एकट्या थोरलीकडे पाठवलं, म्हणून त्यांना आत येता आलं नाही. अक्का, आपली मांडणी चुकली. यादी लावू नका. फॉर्म परत उघडा."